वरच्या फळीवर तीन ताटं

४ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून ही पत्र कशाला खरडते असं तुम्ही म्हणाल. तर माझ्या कानांनी फोनशी वैर धरलंय. लेक रविवारी फोन करतो, मी चारदा ‘काय?’ म्हणते आणि मग ‘हो हो’ म्हणून मोकळी होते. गेल्या रविवारी कशाला हो म्हणाले देव जाणे. डोळे शाबूत आहेत तोवर लिहावं म्हटलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घ्या. शाळेत मी जायचे ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन, आणि तो रडला की बाई मलाच बाहेर काढायच्या. म्हणजे माझं निम्मं शिक्षण व्हरांड्यात झालं.

लिहिण्याचं कारण असं, की यंदा डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत पाळी तुमची. गेल्या वर्षी पोरं माझ्याकडे होती, यंदा तुमच्याकडे. भिंगरी वर्षात किती उंच झाली असेल ते माझ्याआधी तुम्हाला दिसणार. मला हेवा वाटत नाही असं लिहिणार होते, पण लिहून काय उपयोग, तुम्ही ओळखालच. नऊ वर्षांची झाली आता, आपल्या दोघींची एकुलती नात, आणि पायाला अजून भिंगरीच.

माझ्या पोटाचं तुम्हाला सुनेने सांगितलंच असेल. आतड्याला सूज होती, ती उतरली, पण पथ्य मागे ठेवून गेली. पाहुणा जावा आणि पेटी राहावी तसं. दवाखान्यातली आहारवाली बाई पोरगीच आहे, पण जरबेची. कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, दूध बंद, डाळी बंद, सफरचंदसुद्धा बंद. मी म्हटलं, बाई गं, श्वास तरी घेऊ का? तर म्हणाली, हळूहळू घ्या. आता एकेक पदार्थ परत आणायचा, थोडा खायचा, आणि पोट काय म्हणतं ते बघायचं. परवा मक्याचं कणीस अर्धं खाल्लं. पोट काही बोललं नाही. इतका आनंद झाला मला, की कुणाला तरी सांगावं म्हणून जिना चढून वर गेले.

वर शिंपीणबाई राहते. पूर्वी दर रविवारी जेवायला बोलवायची. पथ्य लागल्यावरही मी दोनदा गेले, पण खाल्लं काही नाही, नुसती बसले. तिसऱ्या वेळी बोलावणं आलं नाही. तिची चूक नाही हो. समोर माणूस उपाशी बसलं असलं की आपल्याही घशाखाली घास उतरत नाही. खालचे म्हातारे मास्तर वाढदिवसाला बोलवायचे, त्यांनी यंदा दारातच म्हटलं, तुम्हाला काही चालत नाही ना, मग त्रास कशाला. सगळे माझ्या पोटाची इतकी काळजी घेतात, की मी गेले पाच महिने कुणाच्याच टेबलाला बसलेली नाही. कणसाचं सांगायला गेले तेव्हा शिंपीणबाई घरात नव्हती. खाली आले आणि उरलेलं अर्धं पण खाऊन टाकलं.

बाकी मजेत आहे. भिंगरीचे लाड करा.

तुमच्या जावयाची आई


९ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर वाचता येतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी आयुष्यभर याहून खराब आवाज समजून घेतले आहेत.

उरलेलं अर्धं कणीस खायला नको होतं. थोडं म्हणजे थोडं.

पोरं सुट्टीच्या आदल्या दिवशी येतील, असं लेक म्हणाली आहे. तुम्हीही या. पाळी वगैरे पोरांसाठी असते, आपल्याला ती लागू होत नाही. लग्नाच्या दिवशी खुर्च्यांवरून आपलं जे झालं ते मी विसरलेली नाही, पण माझ्या घरी खुर्च्या पाच आहेत. भांडण होणार नाही.

एक स्पष्ट लिहिते. माझ्याकडे येऊन नुसतं बसायचं नाही. जेवायचं. तेव्हा काय चालतं, किती चालतं आणि काय अजिबात नाही, हे नीट लिहून पाठवा. अंदाजाने स्वयंपाक करायची मला सवय नाही.

बस तुमच्या चौकातून सकाळी सुटते. मी स्टँडवर येईन.

तुमच्या सुनेची आई


१४ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि कुकरच्या तीनच्या जागी सहा शिट्ट्या झाल्या. भाताचा लगदा झाला, तोच आनंदाने खाल्ला.

येते, येते, येते. खुर्च्यांचं मी कधीच विसरले होते, तुम्ही आठवण काढलीत म्हणून सांगते, पहिल्या रांगेतली ती खुर्ची माझीच होती. जाऊ द्या.

आता पथ्य. भात कितीही. बटाटा, गाजर, काकडी, पालक चालतात. अंडं चालतं, मासा चालतो, कोंबडी चालते. संत्रं आणि द्राक्षं चालतात. केळं चालतं, पण कडक हवं, पिकून ठिपके पडलेलं नको. माझ्यासारखं म्हातारं केळं नको, एवढं लक्षात ठेवा. कांद्याची पात चालते, पण फक्त हिरवी. पांढरा भाग जरा जरी गेला की रात्रभर मी जागीच. आणि लसणाची एक गंमत आहे. लसूण तेलात मंद परतायचा आणि सगळाच्या सगळा काढून टाकायचा. ते तेल चालतं. वास येतो, चव येते, लसूण मात्र नाही. आहारवालीने सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टाच करतेय.

पण माझ्यापायी सगळं घर पथ्यावर बसवू नका. माझं एक लहान पातेलं बाजूला करा, बस्स. भिंगरीला तर कांद्याशिवाय घासच जात नाही. कुरकुरीत तळलेला, ताटात डोंगर करून. भातावर घालेल, अंड्यावर घालेल, सोडलं तर आइस्क्रीमवरही घालेल. गेल्या वर्षी माझ्याकडचा कांदा संपला तर ही बया हाताची घडी घालून बसली, आणि सुट्टीच्या दिवशी मी वाटी घेऊन शिंपीणबाईच्या दारात. तेव्हा कांदा भरपूर आणून ठेवा. हिचा बाप म्हणजे माझा लेक, तोही असाच होता, पण त्याला मी फटका द्यायचे. हिला कोण देणार.

तिच्यासाठी मी एप्रन शिवतेय. हॉटेलच्या धुलाईखान्यात मी इस्त्रीला होते ते तुम्हाला माहीत आहे. सोडताना मला एक जुना टेबलक्लॉथ दिला होता त्यांनी, पांढरा, जाड, असं कापड आता मिळत नाही. मधे एक डाग आहे तो सोडून कापलंय. पोरीला स्वयंपाकात लुडबुडायला आवडतं ना.

आजपासून झोपताना मी मनात तुमचं टेबल मांडते. पाच ताटं. मला कुठे बसवणार आहात तेवढं कळवा. भिंगरीच्या शेजारी मिळालं तर बघा, नाही मिळालं तरी चालेल.

तुमच्या जावयाची आई


३० नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मधे काही कामं निघाली.

तुम्ही लिहिलेलं पथ्य मी गेला आठवडाभर स्वतः करते आहे. केल्याशिवाय चव कळत नाही. लसणाचं तेल पहिल्यांदा जाळलं, घरभर धूर झाला आणि शेजारचे दार वाजवून विचारून गेले. दुसऱ्यांदा जमलं. पातीचा हिरवा भाग कात्रीने कापते, सुरीने पांढरं येतं. तांदळाच्या पिठाचा केक दोनदा बसला, तिसऱ्यांदा फुगला. दुधाऐवजी संत्र्याचा रस घातला आहे.

जेवणाचं ठरवलं आहे ते असं. आधी गाजराचं सूप. मग मासा, लसणाच्या तेलातला, वर पात. बटाटे भट्टीतले. पालक. भात. शेवटी केक आणि द्राक्षं.

वेगळं पातेलं करणार नाही. सगळं एकाच पद्धतीचं होईल. कांदा मी घरातच आणणार नाही, आत्ताही नाही आणि सुट्टीतही नाही. डाव इकडचा तिकडे होतो आणि भोगायला तुम्ही. चुकीला जागाच नको.

पोरांचं काय ते मी बघते. तुम्ही काळजी करू नका.

तुम्हाला खिडकीजवळ बसवणार आहे.

तुमच्या सुनेची आई


५ डिसेंबर

विहीणबाई, नमस्कार.

पत्र दुपारी आलं. वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं. कांद्याच्या ओळीपाशी जरा थांबले. मग इस्त्री तापत ठेवली. मला काही सुचेनासं झालं की मी काहीतरी इस्त्री करते, घरातले सगळे रुमाल झाले, मग उशीचे अभ्रे काढले. अभ्रा माझा एकच असतो वापरात, दुसरा उगाच धुतलेला होता, तोही केला. वाफेत तोंड धरलं की बरं वाटतं.

केक तिसऱ्यांदा फुगला हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. पहिल्या दोन बसक्या केकांचं काय केलंत? एकटीने खाल्लेत का? तुम्ही माझं पथ्य करताय. माझ्या पोटच्या लेकाला मी काय खाते ते माहीत नाही, त्याचा दोष नाही म्हणा, त्याने विचारलं होतं, मी हो हो म्हटलं असेन.

रविवारी त्याचा फोन आला होता. सुट्टीचं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. हवेचं बोललो. तिकडे थंडी आहे म्हणाला. इकडेही आहे. फोन ठेवताना म्हणाला, आई, जप. तो ‘जप’ कधी म्हणत नाही. ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

एप्रन झाला. नाड्या लांब लावल्यात. मोठ्या माणसालाही बसेल, खालून कापड सोडायला जागा होती ती पण सोडली. आधी लहान बेतलं होतं, पण कापड चांगलं आहे, कुणाच्या तरी रोजच्या वापरात येऊ दे.

बसचं तिकीट मी काढून आणलं. हे मुद्दाम लिहितेय. तिकीट परत घेत नाहीत, मी खिडकीवर विचारून घेतलंय. तेव्हा काही झालं तरी, पाऊस आला, बर्फ पडलं, तुमचा केक बसला, तरी येऊ नका असं लिहू नका. खिडकीजवळची जागा मला आवडेल.

गाजर आता मोजून खात नाही. पोट खूश आहे.

तुमच्या जावयाची आई


१३ डिसेंबर

विहीणबाई, नमस्कार.

बस साडेअकराला पोचते. मी तपकिरी कोटात असेन.

बसके केक एकटीनेच खाल्ले.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोनदा लिहायला घेतली आणि कागद फाडला. आयुष्यभर मी लोकांची बोलणी जोडून दिली. लाइन जोडायची आणि आपण बाजूला व्हायचं, हे काम. स्वतःला बोलायची वेळ येते तेव्हा जमत नाही. भेटल्यावर सांगेन.

मासा सांगून ठेवला आहे. नक्की या.

तुमच्या सुनेची आई


१७ डिसेंबर

विहीणबाई, नमस्कार.

भेटल्यावर सांगायचं ते भेटल्यावरच सांगा. नाही सांगितलंत तरी मासा गार होणार नाही.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आहे काय तिच्यात, एक कपड्याचा जोड, माझ्या गोळ्या, एप्रन आणि द्राक्षं. शिंपीणबाईने जिन्यात विचारलं, सुट्टीत कुठे? मी म्हटलं, विहिणीकडे जेवायला. जेवायला या शब्दावर मी जरा जास्तच जोर दिला असेल. ती म्हणाली, आणि तुमचं पथ्य? मी म्हटलं, तिकडे सगळं घर पथ्यावर आहे.

तुमच्या जावयाची आई


३ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार करायचा राहिला, आधी बाकीचं लिहिते.

पोचले. बस वेळेवर, शेजारी एक मुलगा कानात काहीतरी घालून झोपला होता, तो माझ्या खांद्यावर कलंडला, मी हलले नाही. घरी आले तर घर होतं तसंच. असणारच, कोण हलवणार. पहिले दोन दिवस फार जड गेले. तुमच्याकडे सकाळी भांड्यांचा आवाज यायचा, अंथरुणात पडून मी तो ऐकायचे. तेवढा ऐकू येतो मला. इथे मी स्वतःच उठून भांडी वाजवली, पण स्वतः वाजवलेली ऐकायला गंमत नाही.

तुमच्याकडे असताना मी एक बोलले नाही, ते आता लिहिते. मला माहीत होतं. तुमच्या तीस तारखेच्या पत्रापासून. भिंगरी येणार आणि तुम्ही कांदा घरात आणणार नाही, हे होणं शक्यच नाही. तुम्ही कडक आहात, पण पोरीला ताटावर हाताची घडी घालून बसवाल अशा नाही. मी वाचलं आणि समजले, की पोरं काही येत नाहीत. आणि हेही समजले, की तुम्ही मला सांगत नाही, कारण सांगितलं तर मी येणार नाही असं तुम्हाला वाटतंय. आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं तर तुम्ही म्हणाल, मग राहू द्या यंदा. एका पथ्याच्या म्हातारीसाठी कोण भट्टी तापवतं, असं मला वाटलं. म्हणून तिकीट आधी काढलं आणि मग पत्र लिहिलं. आपण दोघी काय कमी आहोत का.

स्टँडवरून तुम्ही माझी पिशवी घेतलीत आणि वाटभर बोलला नाहीत. मला वाटलं, आता सांगतील, आता सांगतील. जिना आला, दार आलं. आत टेबलावर पाच ताटं. पाच पेले, पाच रुमाल, सगळं मांडून. मी कोट काढला, खुर्चीवर टाकला, आणि तीन ताटं उचलली. तुम्ही शेगडीकडे तोंड करून उभ्या होतात. कपाट उघडल्याचा आवाज झाला तसा तुमचा हात थांबला. मला वाटलं आता तुम्ही रडाल, मग मी पण रडेन, आणि माशाचा विचका होईल. तर तुम्ही वळूनसुद्धा न बघता म्हणालात, “वरच्या फळीवर ठेवा. खालची ओली आहे.”

एवढंच. वरच्या फळीवर ठेवली. मग तुमचा टेबलक्लॉथ बघितला, मेला चुरगळलेला, तोही उचलला आणि इस्त्री कुठेय म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांनी इस्त्री करायची नसते. मी म्हटलं, पाहुणे आलेच नाहीत, मी कुठे पाहुणी. तेव्हा तुम्ही हसलात. खरं सांगू, लग्नापासून तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. एक दात मागे सोन्याचा आहे हेही तेव्हाच कळलं.

मासा कसा झाला होता हे तिथे बोलायला मला तोंड रिकामं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. झकास. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, सात महिन्यांत पहिल्यांदा. कुणी माझ्या ताटाकडे बघून ‘हे चालतं ना तुम्हाला’ असं विचारलं नाही. तुमच्या ताटात तेच, माझ्या ताटात तेच.

आणि तो फोन. तुम्ही माझ्या कानाशी धरलात, मधे, दोघींच्या मधे. सुनेने विचारलं, आई, एकटीच जेवलीस का गं? तुम्ही म्हणालात, नाही, दोघी जेवतोय. मग तिला तुम्ही माझ्याशी जोडून दिलंत, मी म्हटलं, सूनबाई, मासा फर्मास झालाय. पलीकडे कितीतरी वेळ कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं माझे कान गेले. तुम्ही खुणेने सांगितलंत, नाही, लाइन चालू आहे. मग लेक आला. त्याला वाटलं होतं तुम्ही मला कळवलंय आणि मी घरीच आहे, रुसून. म्हणून तो ‘जप’ म्हणाला होता. मी म्हटलं, रुसायला वेळ कुणाला आहे, केक कापायचाय. पोरं सुट्टीला समुद्रावर गेलीत हे तुमच्याकडूनच कळलं होतं, म्हणून समुद्र कसा आहे विचारलं, तर म्हणाला, गार आहे. भिंगरीने विचारलं, आजी, कांदा आहे का तिकडे? आपण दोघी एकदम ‘नाही’ म्हणालो. ‘मग बरं झालं मी नाही आले’ म्हणाली बया. तिच्यावर रागवायचं नाही. नऊ वर्षांची आहे. मी मात्र त्या रात्री जरा वेळ खिडकीशी बसले होते, तुम्ही बघितलंत ते मला माहीत आहे. विचारलं नाहीत, बरं केलंत.

एप्रन तुम्हाला बेताचा झाला. नाडी मागे बांधायला हात पोचत नसेल तर पुढे बांधा.

आता कामाचं. काल आहारवालीकडे गेले होते. म्हणाली, आता कांदा करून बघू, एक चमचा, शिजवलेला, आणि मग वाट बघायची. मी हो म्हणून आले, पण इथे कांदा हातात घेतला आणि परत टोपलीत ठेवला. एकटीने नाही करवत. पोट बिघडलं तर कुणाला सांगू, आणि नाही बिघडलं तर कुणाला सांगू? मक्याच्या कणसासारखं व्हायचं. तर तुम्ही या. पाळी माझी आहे. सुट्टी लागत नाही, कुठलाही वार चालेल. मी चमचाभर परतते, तुम्ही समोर बसा, तुम्हाला हवा तर डोंगर तळून देते.

तुमची

(खाली काय लिहायचं ते यावेळी सुचेना, तुम्हीच ठरवा.)


९ जानेवारी

विहीणबाई,

शनिवारी येते, सकाळच्या बसने. दोन दिवस राहीन. पोट बिघडायचं असेल तर तेवढ्यात बिघडेल. येईपर्यंत कांद्याला हात लावू नका, आणि एक चमचा म्हणजे एकच.

कडक केळी मी आणते. इस्त्री माझ्यासाठी काढू नका.

ती खुर्ची माझी होती. पण बसा तुम्ही.

लेकीचा परवा फोन आला. पुढच्या सुट्टीत कुणाकडे यायचं ते ठरवू म्हणाली. मी म्हटलं, ठरलं की कळवा, तोवर आमचं आम्ही ठरवतो.

ती तीन ताटं वरच आहेत. पोरं आली की काढू. दोन मी खाली ठेवली आहेत, हाताशी. फळी आता सुकली आहे.

तुमची विहीण